सगळ्यांत मोलाचा कोण? एका मिटची साक्ष

मला पाच बोटं नाहीत. बेसबॉलच्या बाकी ग्लोव्हना असतात. मी मात्र गोल, जाड, थापलेल्या भाकरीसारखा. या खेळात फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू पकडणारा एकच जण असतो, कॅचर. आपल्या क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा. त्याच्या डाव्या हातात मी असतो. मला मिट म्हणतात.

माझा जन्म जालंधरचा. शिवणाऱ्या कारागिराचं तोंडही मी पाहिलं नाही, फक्त त्याने बोटांत धरलेली चामड्याची वादी आठवते. तिथून ट्रकने अमरावतीला आलो. अमरावतीत मुली सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात, हे पुण्या-मुंबईच्या लोकांनाही सांगावं लागतं. तिथल्या दुकानात सतरा वर्षांच्या वैदेहीने मला हातात घातलं, दुसऱ्या हाताची मूठ माझ्यात दणकन मारली आणि आईला म्हणाली, "हाच."

तिने मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून दोरीने बांधलं आणि आठवडाभर गादीखाली दाबून ठेवलं. नवं चामडं असंच वळवावं लागतं. पुढे सात वर्षं आम्ही खेळलो. आधी विद्यापीठाकडून, मग राज्याकडून.

मग तिचं लग्न झालं. हर्षवर्धन आयर्लंडमधल्या लिक्सलिपला, चिप बनवणाऱ्या कारखान्यात टेक्निशियन होता. बॅग भरताना तो म्हणाला, "हे कशाला? तिकडे कोण खेळतं?" वैदेहीने ठेच्याची बरणी माझ्या पोटात बसवली आणि मला बॅगेत कोंबलं. बरणी फुटू नये म्हणून मी हवा, असं ठरलं.

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं, ते हॉट प्रेस. तिथे टॉवेल वाळतात. तिथे मी तीन वर्षं होतो. माझं तेल सुकलं, कडांना भेगा पडल्या.

बाहेर वैदेहीचंही फार बरं चाललं नव्हतं. शारीरिक शिक्षणाची पदवी होती, अर्जांना उत्तरं येत नव्हती. फॉर्मवर तिच्या नावापुढे 'डिपेंडंट' लिहिलेलं असायचं. हर्षवर्धन वाईट माणूस नव्हे, पण त्याच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट. फोनवर आई विचारायची, "काय करून राहिली वं दिवसभर?" आणि प्रेसच्या दारातून मला रोज एकच उत्तर ऐकू यायचं, "काही नाही."

मग दोन हजार वीस उजाडलं आणि सगळं जगच घरात बसलं. मे महिन्यात घरापासून पाच किलोमीटरपर्यंत फिरायला परवानगी मिळाली. वैदेही चालायला जाऊ लागली. एका मैदानाच्या टोकाला जुनी उंच भिंत होती, तिच्यावर एक पन्नाशीचा माणूस एकटाच चेंडू फेकत असायचा. तीन दिवस तिने लांबून पाहिलं. चौथ्या दिवशी हॉट प्रेसचं दार उघडलं.

"तुम्हाला कॅचर हवाय का?" तिने विचारलं.

माणसाचं नाव फर्गल. पेशाने पोस्टमन. इथल्या छोट्या बेसबॉल क्लबचा पिचर, म्हणजे गोलंदाज. त्याचा अमेरिकन कॅचर टाळेबंदीआधीच मायदेशी निघून गेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्या भेगांकडे पाहिलं. "कधी पकडलायस?"

"टाका तर."

साठ फुटांवरून चेंडू आला आणि ठप्पकन माझ्यात बसला. मी तीन वर्षांनी आवाज केला होता. फर्गल म्हणाला, "ग्रँड." मग थोडं थांबून, "पुन्हा."

त्या काळात लोकांना दोन मीटर लांब राहायचं होतं. आम्ही साठ फूट लांब होतो, कोण हटकणार? तिसऱ्या आठवड्यात वैदेही त्याला म्हणाली, "दमलात की तुमचं कोपर खाली येतं. म्हणून चेंडू वर राहतो." फर्गल चिडला. आठ दिवस आलाच नाही. नवव्या दिवशी आला तो कोपर वर ठेवून.

पुढच्या वर्षी जूनमध्ये सामने सुरू झाले. त्या लीगमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळायचे, वैदेही संघात आली. पिचर चेंडू टाकत असतानाच कोणी पुढचा बेस चोरायला पळालं, की ती माझ्यातला चेंडू काढून तिकडे भिरकवायची. एरवी तळाला असणारा आमचा क्लब त्या उन्हाळ्यात दुसरा आला.

तिकडे अमेरिकेत त्याच दिवसांत एक वाद रंगला होता. वर्षाचा सगळ्यांत मोलाचा खेळाडू कोण? जो चेंडू टाकतोही आणि फटकावतोही तो, की नुसत्या फलंदाजीवर आपल्या संघाला वर खेचणारा तो? सरावानंतर आमच्याकडेही तेच. फर्गल म्हणायचा, "जो नसला तर संघ कोसळेल, तो मोलाचा." वैदेही विचारायची, "आणि तो कोसळू देत नाही, हे आकड्यांत कुठे दिसतं?"

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी क्लबचा स्वतःचा निवाडा व्हायचा होता. मैदानामागच्या बाकांवर अकरा जण चहाचे थर्मास घेऊन बसले होते. हर्षवर्धनही आला होता, चिवड्याचा डबा घेऊन गवतावर बसला होता. कप्तान नीव्ह, इथल्या शाळेतली शिक्षिका, म्हणाली, "यंदाचा सर्वांत मोलाचा खेळाडू. बोला."

डेक्लनचं नाव लगेच आलं. त्याने अकरा वेळा चेंडू थेट कुंपणापार मारला होता. दुसऱ्या बाजूने फर्गलचं नाव आलं, सात सामने त्याने जिंकून दिले होते. अर्धा तास वाद चालला. कोणी म्हणे फटक्यांशिवाय धावा कुठून येणार, कोणी म्हणे धावा रोखल्या कोणी? मी वैदेहीच्या मांडीवर होतो. तिचं नख माझ्या वादीत रुतत चाललं होतं.

"वैदेही, तुझं मत?"

"माझं मत मला."

कोणीतरी हसलं. थट्टा वाटली असावी. वैदेही हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"बावीस जण आपल्याविरुद्ध बेस चोरायला पळाले," ती म्हणाली. "तेरा जणांना मी बाद केलं. फर्गलने कुठला चेंडू कुठे टाकायचा, ते प्रत्येक वेळी मी बोटांनी सांगितलं. डेक्लन, तू मारतोस तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, वाजवायलाच हव्यात. मी बसलेली असते तेव्हा माझ्यामागे फक्त अंपायर असतो." तिने मला पोटाशी धरलं. "आमच्याकडे स्वतःचं नाव स्वतः घेत नाहीत. पण मी घेतलं नसतं, तर आज कोणीच घेणार नव्हतं."

फर्गल उठला. "माझं कोपर कोणी सुधारलं, हे मीच आधी सांगायला हवं होतं. सगळी वाहवा मी खिशात घालून बसलो होतो. माझं नाव काढा. माझं मत वैदेहीला."

हात वर झाले. डेक्लनला सहा, वैदेहीला पाच.

डेक्लनने करंडक घेतला. तोही सरळ माणूस. म्हणाला, "नऊ वर्षं याची वाट पाहतोय, त्यामुळे हा मी परत देणार नाही. पण पाच मतं बरोबर पडली, हे मला कळतं." नीव्हने निघताना वैदेहीला बाजूला घेतलं. हिवाळ्यात नव्या लोकांना शिकवशील का, आणि आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका हवी आहे, अर्ज करशील का?

गाडीने कालव्याचा पूल ओलांडल्यावर हर्षवर्धन म्हणाला, "एका मताने हरलीस."

"हो."

"तुझे ते तेरा जण... मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

त्याने मान हलवली. सिग्नलला गाडी थांबल्यावर विचारलं, "या क्लबचं सदस्य व्हायला काय लागतं?"

"फॉर्म भरावा लागतो. आणि गवत कापायला यावं लागतं."

"येईन," तो म्हणाला. ती खिडकीबाहेर पाहत राहिली, पण मला घट्ट धरलेला तिचा हात सैल झाला.

आता डिसेंबर आहे. वैदेही आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. माझी जाळी फाटली आहे, जोराचा चेंडू मला आता झेपत नाही. तिने नवा मिट घेतला आणि मला शिकाऊ लोकांच्या पेटीत ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. दर शनिवारी वेगळा हात माझ्यात येतो: घाबरलेला, घामेजलेला, कधी हातमोज्यासकट.

आज सँट्री उपनगरातून वसुधाताई शिकायला आल्या आहेत. वय एकावन्न. आयुष्यात कधी चेंडू पकडला नाही, असं त्यांनी तीनदा सांगून झालं आहे. समोर वैदेही चेंडू घेऊन उभी आहे आणि ताईंनी डोळे गच्च मिटून घेतले आहेत.

ताई, माझं एवढं ऐका. डोळे उघडा. हात मागे घेऊ नका, लागलं तर आधी मला लागेल. आणि चेंडू हातात आला, की इकडे-तिकडे बघत बसू नका. मोठ्याने सांगा, मी पकडला.