पाऊण तास मागे

मास्तरांच्या घरात जपानी रेल्वेची खिशातली जुनी घड्याळं इतकी होती, की भिंतीवरची पालसुद्धा टिकटिकीच्या तालावर पाय टाकायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा. मास्तर म्हणजे शिंपी. आगगाडी चालवणं राहू द्या, नुसतं आत बसलं तरी त्यांना मळमळायचं. पण जपानची फेरी करून आलेल्या एका खलाशाचा आखडलेला कोट त्यांनी उसवून पुन्हा अंगासरसा करून दिला, आणि त्याने खूश होऊन पहिलं घड्याळ हातावर ठेवलं. तेव्हापासून माणूस कामातून गेला. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, पाठीवर कोरलेली अक्षरं. तिकडे ड्रायव्हरसमोर एक गोल खळगा असतो, त्यात घड्याळ बसवायचं आणि गाडी सोडायची, असं खलाशी म्हणाला होता. मास्तरांनी लगेच सुताराला बोलावून शिलाई मशीनच्या फळीत तस्सा खळगा पाडून घेतला.

या घड्याळांची एक खोड होती. डोक्यावरची चावी ओढली की सेकंदकाटा जागीच थिजतो, आत दाबली की निघतो. म्हणजे रेडिओच्या ठोक्याला घड्याळ नेमकं लावता येतं. पण एवढ्या टिकटिकीत मास्तरांना रेडिओ ऐकू येईल तर शपथ! मग मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, एक कान रेडिओकडे, आणि ओरडायच्या, "दाऽऽबा!"

"अगं, तुझ्या 'दा'पासून 'बा'पर्यंत गाडी दोन स्टेशनं पुढे जाते!"

"मग आणा जपानातून एखादी, नेमकं ओरडणारी. एवढ्या सवती पोसतेय, त्यात आणखी एक."

मास्तरीणबाई गेल्या. जायच्या आदल्याच दिवशी त्यांनी एका घड्याळासाठी हाक दिली होती. त्याची चावी मास्तरांनी पुन्हा कधी ओढली नाही. रोज सकाळी नुसती पिळायची. बाकीच्या घड्याळांना मखमलीच्या पिशव्या शिवल्या आणि कपाटात निजवलं. घर इतकं गप्प झालं, की पालीनेही बिऱ्हाड हलवलं.

घड्याळ कितीही चांगलं असलं तरी थोडं थोडं मागे पडणारच. पडत पडत ते पाऊण तास मागे गेलं, आणि त्याचं बोट धरून मास्तरही. लग्नाला पोचायचे तेव्हा खुर्च्या उचलणारे भेटायचे. लेक ताट वाढून बसायची.

"बाबा, आमटी गार झाली."

"अजून वाजायचेत."

"कुणाचे वाजायचेत?"

यावर मास्तर सुईत दोरा ओवायचे. दोरा आधीच ओवलेला असला तरी.

मग घड्याळ धापा टाकू लागलं. लेकीने मास्तरांना हाताला धरून घड्याळजीकडे नेलं. घड्याळजी जुना दोस्त. त्याने भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं.

"मास्तर, तेल सुकलंय. असंच चालवलंत तर चाकं एकमेकांना खातील. उघडून धुवावं लागेल."

"चालू असताना धू."

"नाडी चालू ठेवून आंघोळ घालायला हा माणूस आहे का? थांबवावंच लागेल."

मास्तर बराच वेळ काउंटरवर बोटाने टाके घालत बसले. मग खिशातून मखमलीची पिशवी काढली. तिच्यात दुसरं घड्याळ होतं. येतानाच घेतलं होतं म्हणजे मनात आधीपासून शिजत होतं.

"जुन्याची वेळ यात घालतो. मग ते थांबव."

"मी देतो हाक," घड्याळजी म्हणाला.

"तुझ्या आवाजाने काटे उलटे फिरतील." मास्तर लेकीकडे वळले. "तू देशील? मला दोन्हीकडे बघता येत नाही."

"चुकीची वेळ जपायची म्हणून?" लेक उसळली. "आई माझीही होती, बाबा. मी नाही तिला पाऊण तास मागे ठेवून बसले."

"तुला जमलं. मला नाही जमत."

लेक स्टूल ओढून जुन्या घड्याळावर वाकली. मास्तरांनी दुसऱ्याला पीळ दिला, चावी ओढली, काटे जुळवले, अंगठा टेकवला. जुना सेकंदकाटा वर येत होता.

"दाबा!" कात्रीने दोरा तोडावा तशी हाक आली.

अंगठा हललाच नाही. क्षणभराने मास्तरांनी चावी आत ढकलली.

"उशीर केलात."

"नाही गं. तू 'बा' फार लवकर म्हणालीस."

लेकीने बापाकडे पाहिलं. नाक ओढलं. "ओढा ती चावी. पुन्हा लावू."

काटा पुन्हा वर आला. या वेळी तिने डोळे तबकडीवरून हलवले नाहीत, आणि स्वयंपाकघराच्या दारातून यावी तशी हाक दिली, "दाऽऽबा!"

"गाडी दोन स्टेशनं..." मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चावी आत दाबली.

दोन्ही घड्याळं थोडा वेळ शेजारी शेजारी चालली. मग मास्तरांनी जुनं घड्याळजीपुढे सरकवलं. त्याने झाकण उघडलं, आत चिमटा घातला आणि एक टिकटिक थांबली. मास्तरांनी दुसरं घड्याळ कानाला लावलं, थोडं ऐकलं, आणि लेकीच्या कानाशी धरलं.