शेडमागची सात कासवं

“उठलं! उठलं!” शेडमध्ये एकच गलका झाला. मघापर्यंत निपचित पडलेलं समुद्री कासव मान उचलू लागलं होतं आणि कासवबाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून गरजत होते, “श्वास थांबला म्हणजे जीव गेला असं नाही, बाळांनो!”

मागे उभ्या उभ्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्य माझं होतं. ‘बाळांनो’ तेवढं त्यांचं.

हे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ, परवापरवापर्यंत सुतार. मी किनाऱ्याला लागलेली कासवं तपासणारी डॉक्टर. जाळ्यात गुदमरलेलं कासव मेल्यासारखं दिसतं. पण मागची बाजू वीतभर उंच करून ओल्या फडक्याखाली दिवसभर ठेवलं, तर एखादं शुद्धीवर येतं. हे मी मच्छीमारांना शिकवत फिरायचे. त्यासाठी लागणाऱ्या लाकडी पाचरी यानंच मला करून दिल्या होत्या. आता त्या रेशमी कापडाखाली दडल्या होत्या.

चोरीचं मी एक वेळ विसरले असते. पण पहिल्या रांगेत आमची आई बसली होती. कासवावर ओतलेलं पाणी तो ‘कासवतीर्थ’ म्हणून द्यायचा; त्यावर विसंबून तिनं मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि पायाची जखम चिघळत चालली होती.

“तू जनावरांची डॉक्टर,” ती मला सुनावायची, “तो मेलेलं उठवतो!”

न उठलेली कासवं कुठे जातात, ते शोधत मी बाहेर पडले; शेडमागची वाळू नुकतीच उकरलेली दिसली. मी फावडं घेतलं. गर्दी पाठोपाठ आली, आईही लंगडत आली. एकाखाली एक सात कासवं निघाली. वरचं मी तिथंच चिरलं. फुप्फुसात नुसता फेस आणि वाळू, म्हणजे जाळ्यातच बुडून मेलेलं.

“बोटींवरून गुदमरलेली कासवं आणायची,” मी म्हणाले, “आतल्या खोलीत पाचर लावून ठेवायची. ज्याची शेपटी हलली, ते तुमच्यापुढे. बाकीची इथं.”

“ताई, घरातलं घरात ठेवायचं होतंस गं,” भाऊ पुटपुटला.

आई त्याच्याकडे वळली. “माझ्या गोळ्या बंद करायला सांगितल्यास, तेव्हा ही कासवं इथं पुरलेली होती?”

त्यानं खाली पाहिलं. “चार होती.”

आईनं माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समध्ये बाळगलेली तिची गोळी काढून दिली. तिला रडू आवरेना, मलाही.

म्हणून सांगते, उठलेलं कासव कुणीही दाखवेल. न उठलेली कुठे पुरली, ते आधी विचारा. आणि तोवर औषध सोडू नका.