वाडगाभर चव

दोघे भाऊ एकाच दिवशी रक्त तपासायला गेले आणि वेगवेगळा सल्ला घेऊन बाहेर पडले. थोरला शिंपी. त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोड बंद, रोज चालायचं. धाकटा केक करणारा. त्याला हे सगळं पथ्य सांगून वर गोळीही दिली.

धाकट्याला घरात छोट्या म्हणत. पन्नाशी उलटली, दारातून आधी पोट आत येऊ लागलं, तरी तो छोट्याच.

"दादाला नुसतं चालणं आणि मला गोळी? एकाच आईची लेकरं ना आम्ही?" त्याने तिथेच विचारलं होतं.

"आईकडून दोघांनाही हे आलंय," बाई म्हणाल्या. "रक्तातली ही चरबी, ट्रायग्लिसराइड म्हणतात तिला, दीडशेच्या आत हवी. दादांची तीनशे आहे, तुमची बाराशे. त्यांच्या हृदयाला जपायला आपल्याला वेळ आहे. पण हजारावर गेली की स्वादुपिंड सुजू शकतं, तुमच्या स्वादुपिंडाला तेवढा वेळ नाही. गेल्या वर्षी पोट धरून दवाखान्यात आला होतात ना? पुन्हा तसं झालं तर जिवावर बेतेल."

"आणि मेव्हण्यानं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्यात, त्या?"

"दुकानातल्या कॅप्सूलमध्ये तेवढा जोर नसतो. औषधाच्या मात्रेचं तेल वेगळं असतं. लागलं तर तेही देईन. आधी गोळी आणि पथ्य."

छोट्याने गोळी एक दिवस चुकवली नाही. उकडलेल्या भाज्यांकडे बघून तो उसासे टाकी, पण खाई. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. दादाची चरबी दोनशेच्या खाली आली होती. छोट्याची हजारावर ठाण मांडून बसली होती.

"गोळी बोगस आहे," तो म्हणाला. "सोडून देतो. दादासारखं नुसतं चालतो."

"अजिबात सोडायची नाही," बाईंनी दम दिला. "आणखी काही पोटात जातंय का?"

"शपथ घेतो. गोडाचा कण खाल्लेला नाही."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तर त्याची पाचावर धारण बसली. इतकं करूनही उतरत नसेल, तर पुढे काय?

दुसऱ्या दिवशी दादा नवा अ‍ॅप्रन शिवून बेकरीत आला आणि स्टुलावर टेकला. छोट्या लोणी-साखर फेटत होता. फेटता फेटता बोट बुडवलं, चाटलं. चॉकलेट वितळलं, चमचा ओठांना लावला. केकच्या कडा कापल्या, एक तुकडा तोंडात गेला.

"काय खाल्लंस रे आत्ता?"

"खाल्लं कुठं? चाखलं."

दादाने फळीवरचा वाडगा काढून टेबलावर ठेवला. "आजचा दिवस एक कर. जेवढं तोंडात टाकशील, तेवढंच यात टाक. बोटभर चाटलंस तर बोटभर."

"पोरखेळ आहे नुसता!"

"असू दे. मला तेवढाच जमतो."

छोट्याने हसत सुरुवात केली. दुपारी हसणं थांबलं. दुकान बंद करायच्या वेळी वाडगा शिगोशीग भरला होता, वर लोण्याचा डोंगर. काउंटर आवरून बायको आत आली आणि बघतच राहिली.

"अहो, एवढं पाहुण्याच्या पुढ्यात ठेवलं असतं तर तो चपला विसरून पळाला असता!"

छोट्या मैद्याच्या पोत्यावर मटकन बसला. "रोज एवढं जातंय माझ्या पोटात?"

"गोळी बिचारी उपसतेय आणि तू वरून ओततोयस," दादा म्हणाला.

"पण न चाखता काम कसं करू? मग मला घरीच बसवा! माझी जीभ हेच माझं हत्यार आहे, दादा."

"आणि माझी?" बायको म्हणाली.

"तुझीही हत्यारच आहे. तीस वर्षं जखमा मोजतोय."

"मग तेच वापरू. मी चाखते आणि थुंकते. तुमच्याच्यानं थुंकवणार नाही, ठाऊक आहे मला."

पहिले काही दिवस भांडणात गेले. ती म्हणे, व्हॅनिला जास्त झाला. तो म्हणे, तुला काय कळतंय. त्याचं बोट सवयीने भांड्याकडे जाई आणि तिचा चमचा टपकन त्या बोटावर बसे. मग तो तराजूवर मोजून घालायला शिकला. गिऱ्हाइकं कुरकुरली नाहीत. ते मात्र त्याला थोडं झोंबलं.

पुढच्या खेपेला बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "तीनशे ऐंशी! स्वादुपिंडावरचं मोठं संकट आत्ता तरी टळलंय. पण गोळी चालूच. आता बाकीचं पथ्याने खाली आणू. जास्तीचं औषध सध्या नको."

"आणि दादाचं?"

"एकशे साठ."

"अजून माझ्या पुढेच," छोट्या कुरकुरला, पण त्याला हसू आवरेना.

तिथून तो थेट बेकरीत गेला. लिंबाच्या केकसाठी क्रीम फेटलं आणि चमचा बायकोपुढे धरला. तिने चव घेतली, सिंकमध्ये थुंकली, डोळे बारीक केले.

"आंबटपणा कमी आहे."

"बरोबर मोजून घातलाय मी!"

"लिंबंच आज फिकी असतील."

छोट्याने तराजू बाजूला सारला आणि आणखी अर्धं लिंबू कापायला घेतलं.