ठाण्याच्या संघाचा उजवा हातमोजा

मी विकेटकीपरचा उजवा हातमोजा बोलतोय. डावा माझा भाऊ. तो निवांत असतो. त्याच्या हातून काही सुटलं नाही ना!

सन १८९१ च्या पावसाळ्यात ठाण्याच्या काळुराम चांभाराने आम्हाला शिवलं. त्याने क्रिकेट कधी पाहिलं नव्हतं. आमचे विकेटकीपर, कोर्टातले कारकून त्र्यंबकराव, त्याच्यासमोर ओंजळ धरून उभे राहिले नि म्हणाले, "चेंडू इथे आदळतो." त्याने तळव्यात भरपूर कापूस भरला, बोटांत मात्र थोडाच. चामड्याचा म्हणून मला माजघरात थारा नव्हता. त्र्यंबकरावांच्या ओटीवरची खुंटी हेच माझं घर.

आमच्या संघाचा जीव म्हणजे अँब्रोज. खाडीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला, भाताची शेती करणारा. त्याच्या चेंडूपुढे भले भले फलंदाज मागे सरकायचे. तो चेंडू धरताना त्र्यंबकराव एकटेच हसायचे.

पौषात सरावाच्या वेळी त्याचा एक चेंडू माझ्या करंगळीशेजारच्या बोटावर बसला. आत कट्कन वाजलं. ते दोघांनीच ऐकलं, मी आणि त्र्यंबकरावांनी. ते गप्प राहिले. सांगितलं असतं तर जागा गेली असती.

फाल्गुनात ढालीच्या स्पर्धेचा उपांत्य सामना आला, कल्याणशी. त्यांची शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. अँब्रोजचा चेंडू बॅटची कड घेऊन थेट माझ्यात आला. अहो, माझ्यात! मी मिटायला आसुसलो होतो, पण आतलं बोट वाकेचना. चेंडू निसटून मागे गवतात गेला आणि त्यांनी पळून दोन धावा काढल्या.

त्र्यंबकरावांनी दात आवळून मला हातातून काढलं. आमचे कप्तान हरिहरपंत वकील अँब्रोजवरच उखडले. "एवढा उसळता टाकायची काय गरज होती?"

त्र्यंबकराव तेव्हाही गप्प!

चैत्रात आमच्याच ओटीवर बैठक बसली. पुढच्या हंगामाला कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं? विश्रामरावांना पळवत नव्हतं, पण ते हरिहरपंतांचे मेहुणे, राहिले. पाच सामन्यांत दोन धावा करणारा मधुही राहिला. "अँब्रोज ऐनवेळी घात करतो," हरिहरपंत म्हणाले आणि त्याच्या नावावर काट मारली. मी त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होतो. खाली पडावं आणि ओरडावं असं वाटलं. त्र्यंबकराव पानाला चुना लावत राहिले.

पावसात मला बुरशी आली. श्रावणात एकदा त्र्यंबकरावांच्या हातून पाण्याचा तांब्या सटकला आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाईंचं लक्ष गेलं.

"अहो, हे बोट असं वाकडं कधीपासून?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आणि नाव त्या माणसाचं कापलंत?"

त्याच दिवशी त्र्यंबकराव हरिहरपंतांकडे गेले. परतले ते पुटपुटतच, "म्हणे यादी लिहून झाली!" मग मला काखेत मारून ते अँब्रोजच्या शेतावर गेले. तो बांधावर उभा होता. त्यांनी हात पुढे केला. अँब्रोजने बोट चाचपून पाहिलं.

"माझ्याच चेंडूनं मोडलं?"

"हो. पौषात."

"मंग त्या दिवशी उभे कशाला र्‍हायले?"

"तुझा चेंडू दुसऱ्या कोणी धरावा, हे मला सोसलं नसतं रे."

अँब्रोजने हात सोडून दिला. "तुमची जागा र्‍हायली, त्र्यंबकराव. माझी गेली. कल्याणवाले आले होते. त्यांच्याकडून खेळायचा शब्द दिलाय मी."

"मी आजच माझं नाव काढून घेतो. तू परत ये."

"चैतात बोलले असते तर आलो असतो," तो म्हणाला आणि चिखलात उतरला.

त्र्यंबकरावांनी खरंच नाव काढून घेतलं. आता विकेटमागे मधु उभा राहतो. मला अपशकुनी म्हणून त्याने नवे हातमोजे आणवले. मी खुंटीवरच आहे; शिवण उसवली, तळव्यातला कापूस एका बाजूला गोळा झाला.

येत्या रविवारी कल्याणचा संघ ठाण्यात खेळायला येतोय. त्र्यंबकराव बघायला जाणार आहेत, मला न घेता. ढाल कोण नेतं याचं मला काही नाही. तुम्ही मैदानावर गेलात, तर परतताना जरा आमच्या ओटीपाशी थांबा. अँब्रोजने किती गडी बाद केले, तेवढं मला सांगा.