आईचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी ही काळी डबी म्हणजे मी, एक जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि वायरही माझी स्वतःची नाही. पण त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. एका बाईचा आवाज माझ्याकडे सांभाळायला दिला होता आणि तो मी सांभाळू शकले नाही, तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला गुंडाळून घेत. दुकानातून मला घरी आणलं ते दादाने. दादा म्हणजे या घरातला मोठा मुलगा, छापखान्यात कामाला. सुरुवातीची वर्षं माझी ऐटीत गेली. सहलींचे फोटो, गाणी, धाकट्या ताईचं लग्न, सगळं माझ्यात. "एवढ्याशा डबीत अख्खं घर मावलंय बघा," असं बाबा आल्यागेल्याला सांगत. पुढे दादाने नवा कॉम्प्युटर घेतला, माझ्यातलं सगळं त्यात उतरवलं, मला स्वतःच्या हाताने रिकामं केलं आणि खणात टाकलं. टाचण्या, संपलेली बॅटरी आणि मी, असे आम्ही तिथे दोन वर्षं पडून होतो.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते. ताईला तेव्हा आठवा महिना होता आणि ती दूरच्या शहरात होती.

आई बाबांना म्हणाली, "नातवंडाला माझा आवाज कळायला हवा. मी बोलते, तुम्ही फोनमध्ये भरून घ्या. पण बाळ येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही हं. आधीच गाजावाजा नको."

बाबा घड्याळं दुरुस्त करणारे. घरात भिंतभर घड्याळं. रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक यायला लागली, तशी दादा कामावर गेला की बाबा एकेक घड्याळ बंद करत आणि तो परतायच्या आत सगळी पुन्हा लावून ठेवत. आई पांघरुणांच्या कपाटात डोकं घालून बोलायची, म्हणजे आवाज घुमत नाही. तिने एकोणीस गोष्टी भरल्या. राजाराणीच्या होत्या, तिच्या लहानपणच्या होत्या, आणि एकीत तर नुसतंच रागावणं होतं. "नाक पूस आधी! आणि आईला उलट बोलायचं नाही, ती माझी लेक आहे!" असं म्हणून ती स्वतःच खोकेपर्यंत हसली होती.

बाबांनी ते सगळं माझ्यात ठेवलं आणि फोनमधून पुसून टाकलं. "कशाला पुसलंत?" आईने विचारलं.

"दोन घड्याळं असली की खरी वेळ कुठली ते कळत नाही. वस्तू एकच असावी आणि जपून ठेवावी," ते म्हणाले. मित्रांनो, या माणसाने आयुष्यभर असंच काम केलं होतं आणि त्यात कधी फसला नव्हता. त्यांनी मला रुमालात गुंडाळलं आणि खणात परत ठेवलं. मला तेव्हा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

ऑपरेशन झालं. बाबा दवाखान्यात आईजवळ राहिले. इकडे दादाला वाटलं, आई घरी आली की दिवसभर पडून राहणार, तिच्यासाठी काहीतरी करावं. त्याने जुन्या कॉम्प्युटरचा मीडिया सर्व्हर केला. एका जागी सिनेमे भरायचे आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघायचे. जागा कमी पडली, तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

त्याने मला सर्व्हरला जोडलं. पडद्यावर प्रश्न आला : ही डिस्क पूर्ण पुसून वापरायची का? दादाने मला उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मला रिकामं केलं होतं तेच मुळी त्याने. मी घरघरले, दिवा लुकलुकवला. दुसरं मला येतं तरी काय! त्याने 'हो' दाबलं आणि त्याच दुपारी माझ्यात काठोकाठ सिनेमे भरले.

आई घरी आली. पंधरवड्याने ताईला मुलगी झाल्याचा फोन आला. बाबा जवळजवळ धावतच खणाशी गेले.

"अरे, इथली काळी डबी कुठंय?"

"सर्व्हरला लावलीय, बाबा. आईसाठी सव्वादोनशे सिनेमे भरलेत!" दादा खुशीत म्हणाला.

"आणि आधीचं?"

"आधीचं काय? ती तर रिकामी होती ना?"

आईने उशाची वही ओढली, त्यात 'एकोणीस' एवढंच लिहिलं आणि वही दादासमोर धरली. त्याला काहीच कळेना. बाबांनी सांगितलं, तेव्हा तो भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला.

दुरुस्तीवाल्याने मला चार दिवस ठेवून घेतलं. "नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं हो. पण त्याच जागेवर दुसरं लिहिलं गेलंय. आता ते नाही मिळणार," तो म्हणाला. येताना दादाने मला दोन्ही हातांत धरून आणलं. आता जपून काय उपयोग होता?

मित्रांनो, माझ्यासारखीवर भरवसा जरूर ठेवा, पण एकटीवर ठेवू नका. पुन्हा मिळणार नाही असं जे काही असेल, ते दोन ठिकाणी, तीन ठिकाणी ठेवा आणि घरातल्या चौघांना सांगून ठेवा. 'हो' म्हणण्याआधी एकदा आत डोकावून बघा. तुमच्या घरी वेळ गेलेली नसेल. इथे गेली.

त्या एकोणीस गोष्टींबद्दल ताईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि तो बाळाच्या कानाशी धरते. आई इकडे फोनवर नखाने दोनदा टकटक करते. "ऐकलंस? आजी आहे हं ती," ताई तिकडून सांगते. त्या वेळी माझ्यातला कुठला तरी सिनेमा चालू असतो आणि त्यातली माणसं मोठमोठ्याने बोलत असतात.