मिर्ताबाईंचे कुत्रे

त्या शुक्रवारी मिर्ताबाईंची उमेदवारी संपत होती. जनावरांच्या दवाखान्यांसाठी त्यांनी लिहिलेला प्रोग्राम तो विकत घेणाऱ्या, जनावरांच्या डॉक्टर फेरेरांसमोर नीट चालला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. चोपन्नाव्या वर्षी अर्जेंटिनातल्या या रोसारिओ शहरात आपल्याला दुसरं कोणी घेणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आम्हालाही होतं.

आधी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा प्रोग्रामिंगकडे वळल्या. माझं काम प्रोग्रामची माहितीपुस्तिका लिहिण्याचं, त्यामुळे आमची टेबलं शेजारी होती. क्लास म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळेच कळलं, निदान कळल्यासारखं वाटलं. "क्लास म्हणजे जात," त्या म्हणायच्या, "आणि दारात भुंकतोय तो ऑब्जेक्ट. जातीत जे सगळ्यांना आहे, ते जातीवर लिहायचं."

म्हणून 'कुत्रा' या क्लासवर त्यांनी लिहिलं: पाय चार. त्याच्याखाली: ॲलर्जींची यादी, सध्या रिकामी. मग पांचो नावाच्या लंगड्या कुत्र्याचे पाय तीन केले. बाकीच्यांचे चारच राहिले, तेव्हा त्या निर्धास्त झाल्या. आमची प्रोग्रामिंगची भाषा प्रोग्राम चालवण्याआधी काही विचारत नाही, अडवत नाही.

आमचा प्रमुख लेआंद्रो बास्तेरिका. त्याला ती यादी सोमवारीच दिसली होती. 'माते' या आमच्याकडच्या कडू चहाची नळी तोंडात धरून तो खदखदला. "कोणी तोंड उघडायचं नाही हं. शुक्रवारी बाई आपल्याला तमाशा दाखवणार आहेत."

कोणी उघडलं नाही.

डॉक्टरांसमोर मिर्ताबाईंनी पांचोच्या यादीत पेनिसिलिन घातलं. डॉक्टर म्हणाल्या, "आता माझी लोला उघडा."

लोलालाही पेनिसिलिन. तिसऱ्या कुत्र्यालाही. चौथ्यालाही.

"साथ आली बहुतेक," लेआंद्रो म्हणाला. त्याच्या हाताखालची प्रोग्रामर पोरं टेबलं बडवून हसली.

डॉक्टर हसल्या नाहीत. "उद्या लोला तापानं फणफणली, तर मी तिला औषध द्यायचं नाही?"

मिर्ताबाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले. पण त्या पडद्याजवळ गेल्या, ओळींवर बोट ठेवत गेल्या आणि हळूहळू बोलू लागल्या, वर्गात बोलत तशा. "पांचोचे पाय मी बदलले तेव्हा त्याला त्याची स्वतःची पाटी मिळाली. जातीची पाटी तशीच राहिली. यादी मात्र मी बदललीच नाही, तिच्यात भर घातली. आणि यादी एकच आहे, जातीवर टांगलेली. सगळे कुत्रे तीच वाचतात. यादी प्रत्येकाला जन्मताच वेगळी द्यायला हवी होती." त्यांनी ती ओळ तिथून उचलून ऑब्जेक्ट जन्मतो तिथे नेली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पेनिसिलिन फक्त पांचोला.

"हां, असं पाहिजे," म्हणून डॉक्टर समाधानानं गेल्या.

खोलीत कोणी हसत नव्हतं. लेआंद्रोनं खिशातून फोन काढला. "बाई, इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पुन्हा एकदा सांगता? रेकॉर्ड करतो. नवीन येतील त्यांना दाखवता येईल."

"आत्ता?" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी केस सारखे केले, चष्मा पुसला, माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, आधीपेक्षाही सुरेख. शेवटी हसल्या.

"नीट आलं ना? नाहीतर पुन्हा करू."

"झकास आलंय." लेआंद्रोनं फोन खिशात टाकला. "बरं, सोमवारी यायची तसदी घेऊ नका. दार उघडायचं कार्ड जाताना ठेवून जा."

त्या मान डोलावत राहिल्या, ऐकू न आल्यासारख्या. लेआंद्रो तोवर पोरांकडे वळला होता.

"शेवटी त्या हसतात ना, तेवढं कापून टाका रे. उगाच लांबलंय."