कानाशी धरलेलं ढेकूळ

जोतिरामने ढेकळावर पातळ ॲसिडचा थेंब सोडला, ढेकूळ कानाशी नेलं आणि क्षणभर डोळे मिटून म्हणाला, "न्हाय."

खड्ड्याच्या काठावर बसलेल्या प्रियदर्शनीने वहीत शून्य मांडलं. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची ही पोर मातीवर पीएच.डी. करत होती. कधी नांगर न लागलेला माळ, वनखात्याची झाडी आणि पाणी पाजून पिकवलेलं रान, या तीन ठिकाणी मातीत चुना किती खोलीवर साठतो, एवढाच तिचा विषय. चुना असला की ॲसिडने माती फसफसते. जास्त असला तर फेस दिसतो. अगदी जरासा असला तर दिसत काही नाही, नुसता बारीक आवाज येतो, आणि तो ऐकायला तयार कान लागतो. असा कान जोतिरामचा. तीस वर्षं त्याने माती तपासणाऱ्यांसाठी रोजंदारीवर खड्डे खणले. साहेब आले नि गेले, पण "जोतीमामाला ऐकू द्या" हे काही बदललं नाही. शिकलेली माणसं आपल्यासमोर गप्प बसून वाट बघतात, याचं त्याला भारी अप्रूप होतं.

"मामा, माळावरचा हा सातवा खड्डा," प्रियदर्शनी खुशीत म्हणाली. "वरच्या हातभर मातीत चुना अजिबात न्हाय. झाडीतबी न्हाय. आन् उसाच्या रानात वीतभर खाली गेलं की फेस. सर म्हणत्यात, इतका स्वच्छ फरक त्यांनी बघितला नव्हता."

पुढच्याच आठवड्यात तिला हे सगळं विद्यापीठात मांडायचं होतं.

दुपारी दोघांनी भाकरीचं फडकं सोडलं, तेव्हा समोरून मेंढरांचा कळप आला.

"घंटी कसली गोड वाजतीया," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्या आज्ज्याच्या बकऱ्याची अशीच हुती."

जोतिरामने मान वर केली. पुढचा बकरा दहा पावलांवर होता. गळ्यातली घंटी चांगली हेलकावत होती. पोरीचं बोलणं ऐकू आलं, लांबचा ट्रॅक्टरही ऐकू येत होता. घंटी मात्र नाही. घास त्याच्या तोंडातच राहिला.

शंका काय, वर्षभर होतीच. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी हा पठ्ठ्या शेजारी ढिम्म बसून. त्याची बायको बजाबाई म्हणायची, "कान दाखवून या की कुटंतरी." त्यावर याचं ठरलेलं उत्तर, "ह्या कानाला नावं ठिवू नगंस, साहेब लोक विचारत्यात त्याला." आणि थेंब टाकल्यावर आवाज आला नाही की मातीत चुना नाही, असं तो बिनदिक्कत सांगत राहिला. कान दगा देईल हे त्याने मनाला शिवूच दिलं नव्हतं.

आत्ताही गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? ज्या थरात आवाज नाही, तो पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचाच नाही, अशी तिच्या कामाची रीत. पोरीचं कौतुक झालं असतं, मामाचा मान राहिला असता. पण उद्या दुसऱ्या कुणी इथंच येऊन थेंब टाकला आणि माती बोलली तर? तोंडघशी ती पडणार.

"पोरी," तो म्हणाला. एरवी तो तिला मॅडम म्हणायचा. "ती शून्यं मातीची न्हाईत. माजी हायती. मला बारीक ऐकू येत न्हाय."

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. "कवापास्नं?"

"गेल्या उन्हाळ्यापास्नं आसंल. माळावरचा पयला खड्डा बरुबर हाय. तवा येत हुतं."

"म्हंजी सहा खड्डे. आन् झाडीतले?"

"ते चारीबी."

"मग तवाच सांगायचं न्हाई व्हय, मामा? मी सरांना आता काय तोंड दावू?"

हा चढलेला आवाज त्याला लख्ख ऐकू आला. "काय सांगू?" तो म्हणाला. "ह्या कानाबिगर माज्यापाशी दुसरं हाय काय?"

प्रियदर्शनीने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग उठली, हात धुतले, खड्ड्यात उतरली आणि बाटलीसाठी हात पुढे केला. "कसं ऐकायचं, शिकवा."

"ढेकूळ कानाला चिकटवू नगं, दोन बोटं लांब धर. श्वास रोख. मोठ्या आवाजाची वाट बघायची न्हाय. कानाजवळनं मुंगी चालल्यागत आसतंय."

पहिल्या थेंबाला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. माळावर वारा सुटला होता. जोतिराम आडोसा करून तिच्या अंगाशी उभा राहिला. तिसऱ्या थेंबाला तिच्या कपाळाची आठी हळूहळू सुटली.

"हाय," ती कुजबुजली. "लई बारीक हाय मामा, पण हाय." आणि त्या आनंदात तिने ढेकूळ त्याच्या कानाशी नेलं. "ऐका की..."

बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. ती हात मागे घेऊ लागली, तसं जोतिरामने तिचं मनगट धरलं. ढेकूळ तसंच कानाशी ठेवून, डोळे मिटून तो उभा राहिला.

"संपलं का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"संपलं, मामा."

"मग ते शून्य खोड," तो म्हणाला, आणि त्याने मनगट सोडलं.